सिंदेवाहीचं धान, व्हिएन्नाच्या खुर्च्या

सिंदेवाहीच्या फलाटावर छोटी गाडी उभी होती आणि आई माझ्याशी भांडत होती. निरोपाच्या वेळी रडायचं असतं, हे तिला मुळी मान्यच नव्हतं. ट्रंकेत काय काय भरलं याची तिने उलटतपासणी चालवली होती. मी धान घेतलं नाही हे कळलं आणि तिचा पारा चढला. "परमुलखात चालली अन् बियाणं नाई? काय लावशीन तिथी, कप्पाळ?" असं म्हणत तिने पदराआडून धानाची एक पेंडी काढली, लोंब्यांसकट, आणि माझ्या नव्याकोऱ्या होल्डॉलमध्ये कोंबली. "पहिलं हे लावजो. मंग बाकीचं." गाडीने शिट्टी दिली तरी ती होल्डॉलचा पट्टाच आवळत बसली होती. शेवटी गार्डने तिला हात धरून खाली उतरवलं. गाडी हलली तेव्हा मी रडले आणि तिने मला खिडकीतून दटावलं.

पन्नासच्या दशकाची ती सुरुवात. मी नवऱ्याबरोबर, म्हणजे बेनबरोबर, इस्रायलला निघाले होते. त्याच थंडीत माझा भाऊ शामू डोळ्यांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घ्यायला ऑस्ट्रियाला, व्हिएन्नाला गेला. एका घरातली दोन पोरं एका हंगामात उडाली, आणि मागे राहिली एकटी आई. बाबा आधीच गेलेले.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, जे मागे राहिलात, आणि जे माझ्यासारखे उठून गेले त्यांच्यासाठीही. मला अजून कुणी ना कुणी विचारतं, की बाई, इस्रायलला गेलेल्यांचं भलं झालं की ऑस्ट्रियाला गेलेल्यांचं? शिकलेली माणसं यावर पगार, घर, मोटार असं बोलायला लागतात. आमच्या घरात हा प्रश्न आईने निकालात काढला, आणि तोही तिच्या पद्धतीने.

तुमच्यापैकी तरुणांना ठाऊक नसेल, सिंदेवाहीत यहुद्यांचं घर एकच होतं, आमचं. बाबा मूळ अलिबागकडचे. धानाच्या गिरणीच्या इंजिनाबरोबर मिस्त्री म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. शनिवारी ते कामाला हात लावत नसत, म्हणून गिरणीची सुट्टीच शनिवारी असायची. आख्ख्या बाजाराला त्याची सवय झाली होती. मासे विकणारी गिरजाबाई आमच्या दारात टोपली उतरवायच्या आधीच ओरडायची, "मिस्त्रीनबाई, आज बिनखवल्याचा आहे, तुमाले चालत नाई!" आमच्या धर्मात कोणता मासा चालतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळायचं. आई कोकणातून आली तेव्हा शुद्ध कोकणी हेल काढून बोलायची म्हणे. मला आठवते ती आई मात्र 'मले-तुले'च करायची.

आणि आमच्याकडे मलिदा व्हायचा. मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्रायल लोकांचं नवसाचं ताट. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून फळं. एलियाहू नबीचं नाव घेऊन ते करायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी मिळून खायचं. प्रार्थनेला खरं तर आमच्यातली दहा माणसं लागतात. सिंदेवाहीत ती आणायची कुठून? मग ताटाभोवती गिरणीतले हमाल बसत, गिरजाबाई बसे, पोस्टमास्तर येत. आई म्हणायची, नबीले जात दिसत नाई, भूक दिसते.

तर मी म्हटलं, आई, माझ्याकडे चल. शामू म्हणाला, माझ्याकडे चल. तिने दोघांनाही उडवून लावलं. "आधी तुमाले गमू द्या. ज्याच्या घरी मलिद्याच्या ताटाभवती दहा माणसं आपल्या मनानं बसतीन, तिथी मी येईन. तवरिक मले इथी गमते." आमच्या झाडीपट्टीत 'गमतं' म्हणजे जीव रमतो. हा शब्द मी इथे हिब्रूत खूप शोधला, सापडला नाही बाई.

मग सुरू झाली आमची भावाबहिणीची चढाओढ, आईला पत्रं लिहून लिहून.

शामूने लिहावं, की खोलीत हीटर आहे, रस्त्यावर ट्राम आहे, इस्पितळात मला 'हेर डॉक्टर' म्हणतात, पेशंट रस्त्यात दिसले तर टोपी उचलतात. मी काय लिहिणार? पहिलं वर्ष आम्ही पत्र्याच्या झोपडीत काढलं. तिला इथे 'त्सरीफ' म्हणतात, पण नाव बदललं म्हणून पत्रा थोडाच गार पडतो! मग नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला एका मोशावमध्ये, म्हणजे सहकारी शेतीच्या गावात, दोन खोल्या आणि जमिनीचा तुकडा मिळाला. मी लिहिलं, आमच्याकडे कोंबड्या आहेत, आणि काकड्या तुझ्या व्हिएन्नाच्या काकड्यांपेक्षा मोठ्या आहेत. त्याने व्हिएन्नाची काकडी पाहिली तरी होती की नाही, देव जाणे.

आईवर या कशाचा काडीइतका परिणाम होत नसे. तिचे प्रश्न वेगळेच. शामूला तिने विचारलं, "हीटर असू दे. तू तापानं पडला तं पाणी कोण देते?" शामूने लिहिलं, इस्पितळातली नर्स. मला तिने विचारलं, "शेजाऱ्यायसंगं भांडण होते काय?" मी लिहिलं, रोज होतं. तिचं उत्तर आलं, "मंग बरं आहे."

खरं सांगायचं तर आम्हा दोघांचंही सगळं काही गोड नव्हतं. इथे आमच्या रंगावरून बोलणी खावी लागली. हिंदुस्थानातून आलेले हे कसले यहुदी, असं तोंडावर विचारणारे भेटले. आमच्यातली काही घरं कंटाळून परत हिंदुस्थानात गेली. बेनला, चांगला फिटर असून, पहिली दोन वर्षं दगड फोडायला लावलं. संतापाने माझं डोकं फुटायची वेळ यायची. पण आम्ही कळपाने आलो होतो, सगळे सारखेच फाटके. त्यामुळे रागावलो तरी एकत्र रागवायचो. शामूचं उलट. व्हिएन्नात हिंदुस्थानी म्हणजे बोटांवर मोजण्याइतके, बहुतेक शिकायला आलेले. ते चटकन वर चढले. कुणी डॉक्टर झालं, कुणी इंजिनियर, कुणी कारखान्यात साहेब. त्यांना हिणवायला फारसं कोणी गेलं नाही, आणि त्यांच्या दारातही कोणी गेलं नाही. जिन्यात 'ग्र्यूस गॉट' असा नमस्कार घालायचा आणि आपापलं दार लावून घ्यायचं. शामूने घर घेतलं, जेवणाचं मोठं टेबल घेतलं, भोवती बारा खुर्च्या. त्या खुर्च्यांचं वर्णन त्याने इतक्या अभिमानाने लिहिलं होतं की मला आधी हेवा वाटला आणि मग वाईट वाटलं.

त्याने एकदा मलिदा करूनही पाहिला. पोहे मिळेनात म्हणून ओट आणले. घरमालकीण आली, इस्पितळातले दोघे आले. चमच्याने चाखलं, आभाराचं 'डांके' म्हटलं, आणि अंधार पडायच्या आत सगळे आपापल्या घरी. आईला त्याने हेही इमानदारीने लिहिलं. आईने लिहिलं, "ओट तं घोड्याले देते नं बाप्पा!"

आता माझी पाळी होती. आमच्या मोशावमध्येही पोहे नव्हते. पण माझ्या होल्डॉलमधून आलेली पेंडी होती, दारावर टांगलेली. झाडीची लेक मी, मला एवढंच माहीत की धान म्हणजे बांधी, बांध घातलेलं खाचर, आणि बांधी म्हणजे पाणी. कोंबड्यांच्या खुराड्यामागे मी कुदळीने चार बांध घातले, शेणाने लिंपले, पऱ्हे टाकले, म्हणजे आधी रोपं उगवून घेतली, आणि आमची पाण्याची पाळी आल्यावर तोटी सोडली. जमीन कसली, नुसती भुकटी! ओत ओत ओतलं तरी पाणी कुठे जातंय कळेना. मी म्हटलं, सिंदेवाहीच्या तलावाखाली बांधी भरायला वेळ लागतो, इथेही लागेल. आमची पाळी संपली, शेजारच्या सुलिकाची सुरू झाली, ती संपत आली, आणि मी आपली साडी खोचून, घोटाभर चिखलात वाकून, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करतेय! सिंदेवाहीत रोवण्याला गाणी म्हणतात, तीही माझी चालू होती.

मान वर केली तर बांधावर आख्खं गाव उभं. नेगेवमध्ये, जिथे अंघोळीचं पाणीसुद्धा हिशेबाने, तिथे एक बाई तळं करून त्यात गवत खोचतेय! सुलिका मोरोक्कोची, आवाज असा की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबाव्यात. तिचे टोमॅटो तहानेने माना टाकून उभे होते. ती अरबीत ओरडत होती, मी मराठीत. बेन हळूच खुराड्यामागे सटकला. आणि समोर कमरेवर हात ठेवून गेर्टा.

गेर्टा म्हणजे आमच्या गावची पाणी वाटणारी. जर्मन बोलणाऱ्या यहुद्यांना इथे 'येक्के' म्हणतात, शिस्तीला पक्के. गेर्टा त्या सगळ्यांची आजी शोभावी अशी. मूळची व्हिएन्नाची. हिटलरच्या काळात घरदार, माणसं, सगळं तिथेच गेलं. एक कोट तेवढा अंगावर घेऊन ती निघाली होती. माझा भाऊ व्हिएन्नात आहे हे तिला कळलं त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तिथे कशाला गेला?" आणि त्यानंतर माझ्याशी पाण्यापुरतंच बोलायची.

तिने चिखलाकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि विचारलं, "हे काय आहे?" मी मोडक्या हिब्रूत म्हटलं, "माझी आई." म्हणायचं होतं, आईसाठी. घाईत तेवढंच आलं. मग तिथेच उभी राहून मी सगळं सांगितलं, पेंडी, पोहे, मलिदा, दहा माणसं, आणि हे पीक आलं नाही तर माझी आई कधीच येणार नाही. बोलता बोलता मला रडू फुटलं, भोकाड पसरलं म्हणा ना. गेर्टाने निकाल दिला, की यापुढे या खड्ड्याला तोटीचं एक थेंब पाणी मिळणार नाही. नियम तो नियम. आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलिका बादली घेऊन आली. भाजी धुतलेलं पाणी. तोंडाने शिव्या चालूच होत्या, पण पाणी तिने बांधीत हळू ओतलं, रोपांना धक्का न लावता. मी तोंड उघडलं तशी म्हणाली, "गप्प बस. हिरवं झालंय, आता मरताना बघवेल का?" तिच्यामागून रुमानियावाले आले, इराकी म्हातारा आला, आमच्या हिंदुस्थानी घरातल्या बाया आल्या. भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी. तिसऱ्या दिवशी स्वतः गेर्टा आली, झाकण लावलेलं भांडं घेऊन. ती म्हणाली, "तोटीचं नाही. बटाट्याचं आहे."

मी त्या उन्हाळ्याइतकी सुखात कधी नव्हते. सगळा गाव येता-जाता बांधीत डोकावायचा. लोंब फुटली तेव्हा इराकी म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. धान हाती आलं ते सुपाएवढं! ते भिजवलं, भाजलं, लोखंडी खलात कुटलं. अर्ध्याचा भुगा झाला, पण जे उरले ते पोहे होते, चपटे, लालसर, सिंदेवाहीच्या वासाचे. आईला मी लिहिलं, ये आता.

आणि ती आली! विमानातून उतरली ती नऊवारीत, हातात गिरजाबाईने दिलेल्या सुक्या मासळीची पुरचुंडी घेऊन. "काऊन वो, एवढी काळी पडली?" हे तिचं पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी तिने बांधी पाहिली. बांध पायाने दाबला, म्हणाली, "तिरपा आहे." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण धान आला."

मलिदा तिने स्वतःच्या हाताने केला. नारळ मिळाला नाही म्हणून बदाम किसले, केळ्यांऐवजी खजूर. अंगणात चादरी अंथरल्या. दहा कसले, बसायला जागा पुरेना. सुलिकाने आईला आपली मांडी देऊ केली. बेनने प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आपापल्या सुरात ओढली. गेर्टा चमचा शोधत होती, आईने तिचा हात धरून ताटात घातला. मी आईकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, जिंकले! आता ही माझी.

भांडी आवरताना मी तिच्यासाठी लावून ठेवलेली खाट दाखवली. ती खाटेवर बसली, गादी चाचपली, आणि म्हणाली, "चांगली आहे. पण मी शामूकडं जाते."

 मी म्हटलं, दहा माणसं जमली ना? तूच म्हणाली होतीस ना? मी चिडले, अगदी लहानपणी चिडायचे तशी, पाय आपटून. तिने मला जवळ बसवलं. "जमली नं, म्हणूनच जाते. तुले पाणी देणारे आहेत, तुयासंगं भांडणारे आहेत. त्याच्याकडं नुसत्या खुर्च्या आहेत वो. तिथी कोणी तरी बसाले पाहिजे."

मी खूप रडले. पण खरं सांगू? रडतानाच मला कळत होतं की ती बरोबर आहे, आणि माझ्या एवढ्याशा घराचा मला असा अभिमान वाटला की छातीत मावेना.

तिच्या जाण्याची बातमी गावात पसरली. निघायच्या आदल्या दिवशी गेर्टा आली. हातात तो कोट, जाड, काळा, कॉलरला लोकर. नेगेवच्या उन्हात त्याला तिने इतकी वर्षं डांबरगोळ्या घालून जपला होता. तिने तो आईच्या अंगावर चढवला, बटणं लावून दिली. कोट आईच्या टाचांपर्यंत आला. खालून नऊवारीचा काठ दिसत होता. गेर्टा मला म्हणाली, "तिला सांग, तिथे थंडी वाईट असते. आणि सांग, मी काही परत जाणार नाही, पण कोटाने का जाऊ नये?" मी सांगितलं. आईला जर्मन येत नव्हतं, गेर्टाला मराठी. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या. मग आईने उठून तिला चहा दिला.

हैफाच्या बंदरावर पुन्हा तेच. मी रडायला लागले आणि तिने ट्रंकेतून उरलेल्या धानाची पुडी काढली, उलगडली, अर्धी माझ्या रुमालात बांधली, अर्धी कोटाच्या खिशात टाकली. "बांध सरळ घालजो," म्हणाली, आणि तो लांबलचक कोट सावरत जहाजाच्या शिडीवरून वर गेली.

पहिला हिवाळा तिला व्हिएन्नात जड गेला. शामू कामावर जायचा, ती खिडकीशी बसायची. मग ती जिन्यात बसायला लागली. शामूने शरमून मला लिहिलं, आई जिन्यात पाट टाकून तांदूळ निवडते, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवते आणि मराठीत विचारपूस करते, मी काय करू? मी लिहिलं, काही करू नकोस. वरच्या मजल्यावरची म्हातारी तिच्याजवळ बसायला लागली. मग तिचा नातू. शामूचे हिंदुस्थानी मित्र जेवायला यायला लागले, एक बंगाली, दोन पंजाबी, मग त्यांचे मित्र. पेशंट नुसती टोपी उचलायचे, आता ते सफरचंदं घेऊन यायला लागले. धान तिने खिडकीतल्या कुंडीत लावलं होतं. ते आलं नाही. मलिद्याला पोहे मी पाठवले, माझ्या बांधीतले.

माझ्या बांधीला आता बांध सरळ आहे. सुलिका गेली, गेर्टाही गेली. त्यांची नातवंडं अजून भाजी धुतलेलं पाणी आणून ओततात आणि का ओततात हे त्यांना नीट माहीत नाही. सिंदेवाही मला अजून स्वप्नात दिसते, गिरजाबाईच्या आवाजासकट. तरी कुणी विचारलं की तुझं घर कुठं, तर मला आधी आईचं ते पत्र आठवतं, व्हिएन्नातल्या पहिल्या खऱ्या मलिद्यानंतरचं. ते मी बेनला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि आम्ही दोघं हसता हसता रडलो होतो.

"हनाले आशीर्वाद. तुये पोहे पोचले. जरासे जाड आहेत. काल मलिदा केला. शामूच्या खुर्च्या कमी पडल्या वो, मंग मी टेबल सरकवलं अन् सगळ्यायले खाली बसवलं, घरमालकिणीलेही. आता मले इथी गमते."